ताटावरची घोंगडी

मंडळी, एक सांगा! ज्याला जिवापाड जपावं, त्याचीच हाक आपल्यापर्यंत का पोचू नये? माया कमी पडते म्हणून? थांबा, उत्तर नको! आधी ठकूबाईला भेटा.

घाटमाथ्यावरचा वाघबारीचा धनगरवाडा. तिथं फोनची तार नाही, टॉवर नाही. रेंज इतकी कमी, की कोंबडासुद्धा आरवायला टेकडीवर जातो! हसताय काय? या डोळ्यांनी पाहिलाय! तिथं ठकूबाई एकटी. नवरा गेला, मागं त्याची घोंगडी अन् थोड्या मेंढ्या. लेक वैजंता मस्कतला, नर्स. सुट्टीला आली अन् छपरावर पांढरं ताट बसवून गेली — सॅटेलाइटचं इंटरनेट! ताट थेट आभाळातल्या उपग्रहाशी बोलणार, उपग्रह मस्कतशी!

"आये, दिवसा तू रानात, मी कामावर. रोज दिवेलागणीला फोन करीन. तोंड दिसंल माझं."

"दिसंल न्हवं? मग जा."

पण धनगराघरची रीत! दिवस बुडाला, की उघड्यावरचं कोवळं झाकायचं. दव बाधतं, दृष्ट लागते! ठकूबाईनं वर पाहिलं. "आगं बया! लेकीचं ताट रातभर आभाळाखाली गारठणार!" चढली शिडी — अन् नवऱ्याची जाड घोंगडी ताटावर! धुक्यानं घोंगडी चिंब, ताट मुकं! सकाळी काढायची, सांजेला पुन्हा घालायची.

अन् खाली येऊन, पदर सारखा करून, फोनपुढं बसायची. हाक नाही.

शेजारीण टोचायची, "परदेशाचं वारं लागलं गं लेकीला!"

"लागू दे. तुला का गारठा?" म्हणायची ठसक्यात, पण भाकरी अर्धीच सरायची.

आख्खा मार्गशीर्ष असा गेला. मग एका सांजेला मेंढी व्याली. घोंगडी खांद्यावर, पाय शिडीवर — अन् मागून "बेंऽऽ"! कोकरू लटलट कापतंय! ठकूबाईनं ताटाकडं बघितलं. "आजच्या दिस सोस रं बाबा." घोंगडी कोकराभोवती गुंडाळली —

अन् फोन वाजला!

"आये! रुसलीस व्हय माझ्यावर?"

"म्या? तूच इसरलीस की!"

"रोज करते गं, रोज! ...ती बाची घोंगडी न्हवं?"

"तीच. रोज ताटावर घालते, गारठू नये म्हणून."

वैजंता हसली. हसता हसता रडली. ठकूबाईनं पदरानं फोन पुसला — पुन्हा पुसला — ओल तिकडची हो! पुसणार कशी?

मंडळी, वरचाही रोज हाक मारतोय. घोंगडी आपणच घातलीय — अन् रागानं नव्हे, मायेनं! माझं घर, माझं पोर, माझं, माझं... काढा ती!

आणि देवाचं राहू द्या. मांडीखाली फोन दाबून बसलेला तो कोण रे? तुझी आई कुठल्या वाडीवर पदर सारखा करून बसलीय? ऊठ! कीर्तन थांबेल तुझ्यासाठी. ती किती थांबेल?