टॉवर झाला की पाहा

— चपला काढल्या तरी चालते भाऊ, फरशी गार आहे. काय सांगत होती मी? हां, तुमचा फोन. मी कैऱ्या उकडून गर काढून राहिली होती, हात कोपरापर्यंत चिकट, अन् तुम्ही म्हणता, "बिनाविजेच्या थंड घरांत तुमचं घर निवडलं, मार्तंडसाहेबांना द्या." मी म्हटलं, साहेब गच्चीवर आहेत. सवयीनं निघालं तोंडातून. अर्ज ह्यांनीच केला होता, पण हे तर संक्रांतीच्या आधीच गेले. मग तुम्ही म्हणाले, तरी येतो, यंत्र लावून पाहतो, जमलं तर फाटकावर त्यांच्या नावाची पाटी लागन. — ती लागली पाहिजे भाऊ. तेवढं पाहा.

या, इकडून. ह्यांनी जन्मभर कोराडीच्या केंद्रात वीज बनवली अन् रिटायर झाल्याबरोबर म्हणे, घर गार ठेवायले वीजच नको! हलवायानं गोड सोडावं तसं. — ही भिंत दुहेरी आहे, वाजवून पाहा. मधात पोकळी आहे, ऊन आत येत नाही. पाली येतात. — ऐकलं? चुकचुकली! खरं आहे म्हणते. वर स्लॅबवर माठ उपडे घातले आहेत, पूर्ण गच्चीभर. घ्यायले गेलो तर कुंभार म्हणे, पाणपोई काढता काय? अन् सासूबाई ओरडल्या, "एक तर प्यायले ठेव गा मार्तंडा!" त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्स. इतक्या चमकतात, शेजारचे वामनराव गॉगल लावून दात घासते.

थंड होतं का? होतंच ना! म्हणजे — मे महिन्यात हे ओली बनियन घालून बसत अन् येईल त्याले विचारत, "वाटते ना गार?" पाहुणे बिचारे घाम पुसत हो म्हणत. मी म्हणायची, अहो, भाजून राहिलो आपण. गच्चीवर वाऱ्याचा टॉवर बांधायचं मनात होतं, तर एकच उत्तर — "टॉवर झाला की पाहा." वरण खारट झालं तरी, टॉवर झाला की पाहा!

आवाज? कोणता आवाज? — वामनरावचा कूलर असन. नाही नाही, तिकडं नका जाऊ, देवघर आहे, सोवळं असते. — यंत्र तिथं थंड दाखवते? देवाची जागा भाऊ, दाखवणारच. — काय वं आई? पाणी संपलं? — सासूबाई आहेत, देवाचं पाणी म्हणतात त्या. — काय? खस सुकली? मोटर खडखडून राहिली? — बरं भाऊ. पाहून घ्या. कूलर आहे. म्हातारं माणूस, शिजवू काय त्यांले? ह्याच मार्चात बसवला. हे असते तर घरात येऊ दिला नसता. हवा इतकी की बाळकृष्णाचा मुकुट उडते, मी दोऱ्यानं बांधून ठेवला. — ते यंत्रातलं खोडता येते काय? नाही?

मग टॉवर पाहा, असली वस्तू तीच. वर वारा पकडायचा, ओल्या खसेतून खाली सोडायचा, अख्खं घर गार. ऐन थंडीत बांधून झाला. मी म्हटलं, उघडा आता, इतके वर्षं ऐकून राहिली! तर म्हणे, "आत्ता काहून? कुडकुडशीन. ऊन तापू दे." अन् तोंडावर पत्रा ठेवून तारेनं आवळला. गाठ पाहा, गाठीवर गाठ. कोणाले सुटू नये अशी बांधायची खोड होती त्यांले, पिशवीसुद्धा.

काय म्हणता? तुम्ही उघडता? — चाललं तर कूलरचं विसरता? पक्कड आहे जवळ? — थांबा. नाही, थांबा ना भाऊ! शिडीवरून पाय काढा. — चालन, चालणारच तो. पण मग "पाहा, म्हटलं होतं ना," हे कोण म्हणन मले? अन् नाही चालला, तर मी भांडू कोणाशी?

उतरा. पन्हं घ्या, त्याच कैऱ्यांचं आहे. पाटीचं राहू द्या. डोक्याले दुपट्टा बांधा, बाहेर झळा सुटल्या आहेत. — आली वं आई, भरते पाणी! — या भाऊ तुम्ही, फाटक लावून घ्या.

पत्रा काढायचा राहिला आहे अजून.