पडद्याच्या मागची बाजू

...नाई भाऊ, इकडे नका बसू, ही बायायची बाजू हाय, पडद्याच्या मागची. तंबूच्या मधात पडदा, तिकून मानसं, इकून बाया — सिनेमा एकच, पन इकून सारं उलटं दिसते. अक्षरं उलटी, उजवा हात डावा. अंजनगावात टुरिंग टॉकीज लागली तवापासून बायायले बसवाचं काम माह्यंच. डोये दुखतेत आता नुसते. काय? अमरावतीच्या पेपरात लिहिता? सिनेमा कसा वाटला म्हनता? मले काय इचारता, बाप्पा. तो नवरा बायकोले झापड मारते ना, तवा तिकून शिट्या वाजतेत आन इकून बाया पदर डोयाले लावतेत. रोज तेच. आमची सून मैना तेवढी नाई रडली. इथंच बसली होती, या खांबापाशी, आन पोरगं माह्यं चंद्रभान तिकडे. मले म्हने, आत्याबाई, तिचं कंगन हरवलं, तं कुठं गेलं म्हनून त्या नवऱ्यानं तिले एकदाई इचारलं नाई, सरळ मारलं. आन शेवटी सासू समजावाले जाते, सून परत येते, सारे खूश — तं मैना म्हने, कायले आली परत?

घरी गेल्यावर तेच. चंद्रभान जेवून राहिला होता, मैना वाढून राहिली होती. तो म्हने, बाई चुकली, नवऱ्यानं सुधरवली, चांगला सिनेमा. मैना म्हने, चुकली कुठं ते दाखवा. सिनेमाच तं होता, भाऊ — पन दोघंई हटेनात. तो म्हने, तुमी मागून उलटं पायता, तुमाले काय समजते? हे म्हने, हात उलटा दिसते, मार उलटा नाई दिसत. — आन त्यानं मारली. उजव्या हातानं, खरकट्या. गालाले ताटातलं वरन लागलं तिच्या. ते मी समोरून पायलं.

गेली मोर्शीले, माहेरी. आता तो म्हनते, माय, उद्या तूच जाय, तुयं ऐकते ते. सोता नाई जात. — मी काय सांगू तिले? सिनेमातली सासू सांगते तेच? त्या जागी मीई रडली होती, आन मैनानं अंधारात माह्याकडे पायलं होतं. घर खायाले उठते हो तिच्याबिगर, मले मैना पायजेच हाय. पन मले पायजे म्हनून तिनं यावं?

...बाया याले लागल्या. खांबापाशी नका उभे राहू, ते जागा मी कोनाले देत नाई. जा, तिकून बसा. तिकून सारं सुलट दिसते म्हनतेत.