डावी टाकी

मॅडम : रागावत नाहीये मामा, नुसतं विचारतेय. दुपारी बारा वाजता या डाव्या टाकीचं पाणी कोण तापवतं?

मामा : तापवतं? ती तर कायम तीस अंशांवर असते. तुम्हीच चिठ्ठी चिकटवलीय की, 'हात लावू नये'.

मॅडम : म्हणूनच विचारतेय. पंधरा दिवस मी आत नोंद ठेवणारा थर्मामीटर बुडवून ठेवला होता. रोज बाराला एकोणचाळीस, एक वाजता परत तीस. शनिवार-रविवारी नाही. तुम्ही दाढ काढायला गेलात, त्या बुधवारीही नाही.

मामा : मग आता काय कपाळ नाही म्हणू? मीच. डबा ठेवतो.

मॅडम : डबा!

मामा : घट्ट झाकणाचा आहे. थेंब सांडत नाही. वीसेक मिनिटं ठेवतो, मग बटण जिथल्या तिथं. पंचवीस वर्षं या प्रयोगशाळेत बाटल्या धुतोय, एक फुटू दिली नाही.

मॅडम : अहो, एकोणचाळीस अंशांवर डबा कितीसा गरम होणार?

मामा : कोमट होतो. गरम नकोच आहे मला. गार नको, एवढंच.

मॅडम : जेवणाच्या खोलीत यंत्र आहे ना त्यासाठी?

मामा : तिथं सगळे घोळक्यानं बसतात. मी गेलो की बोलणं थांबतं. "मामा, कसं चाललंय?" बायको गेली त्याला अडीच वर्षं झाली, तरी तोच एक प्रश्न. उत्तर देत बसलं की घास उतरत नाही. पण झालं काय? कुठं माशी शिंकली?

मॅडम : उजव्या टाकीतल्या बाटल्यांत साधं यीस्ट असतं. डाव्या टाकीत, मी एक जनुक काढून टाकलेलं. दुपारी दोन्ही पन्नास अंशांवर टाकते. साधं मरतं, माझं जगतं. दोन वर्षं मी नाचतेय, सापडलं म्हणून! मंगळवारी सगळ्यांसमोर मांडायचंय. माझं इथलं पुढचं वर्ष त्यावर ठरणार आहे.

मामा : अन् ते जगायचं ते...

मॅडम : तुमच्या डब्यामुळे. उजवीत का नाही हो ठेवलात कधी?

मामा : तिचं झाकण नीट बसत नाही. पण कोमट पाण्यानं असं काय होतं? मला कळेल असं सांगा.

मॅडम : पेशीत एक भोंगेवाला आहे असं समजा. एरवी मदतनीस त्याचे हात धरून बसलेले, म्हणून तो गप्प. उष्णता वाढली की पेशीतली प्रथिनं वेडीवाकडी व्हायला लागतात. मदतनीस तिकडे धावतात. याचे हात सुटतात, भोंगा वाजतो, आणि आणखी मदतनीस घडवणारी जनुकं चालू होतात. सगळं निस्तरलं की रिकामे मदतनीस परत येऊन याचे हात धरतात. भोंगा बंद.

मामा : म्हणजे भोंगा उष्णतेनं नाही वाजत. हात धरणारं उठून गेलं, म्हणून वाजतो.

मॅडम : हो. आणि आधी थोडं तापलेलं असलं की मदतनीस जमलेले असतात. मग मोठा चटकाही सोसतो.

मामा : हे काही खरं नाही.

मॅडम : यीस्टचं खरं आहे, मामा.

मामा : यीस्टचं असेल. आमची ही जाण्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. मला रोज थोडाथोडा चटका बसतच होता. लोक म्हणायचे, मामांच्या मनाची तयारी झालीय. कसली डोंबलाची तयारी! पडल्यापडल्या रोज बाराला फोन करायची, "डबा गरम केलात का?" ती गेली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कामावर आलो. बारा वाजले. फोन आला नाही. डबा घेऊन उभा राहिलो इथंच, टाकीपाशी.

(टाकीतलं पाणी हलत राहतं.)

मामा : साहेबांना मी सांगतो. चूक माझी आहे.

मॅडम : अर्धी माझी. रविवारी मी एकटीच यायचे, तेव्हा डावीतलंही मरायचं.

मामा : मग?

मॅडम : त्या दिवसाच्या यीस्टच्या थाळ्या मी फेकून दिल्या. वाटायचं, रविवारी मन थाऱ्यावर नसतं, माझाच हात चुकला. अकरा रविवार, मामा. अकराही वेळा यीस्ट खरं सांगत होतं.

मामा : पण सुट्टीच्या दिवशी येता कशाला?

मॅडम : घरी कोण आहे? इथं निदान या पाण्याचा आवाज असतो.

मामा : आता काय करणार?

मॅडम : साहेबांना आजच सांगणार. मंगळवारी उभं राहून म्हणणार, नाही सापडलं. बोलतील ते ऐकायचं. हाकललं नाही, तर रविवारपासून पुन्हा श्रीगणेशा.

मामा : रविवारी मी येऊ?

मॅडम : तुम्हाला सुट्टी असते.

मामा : सुट्टीचं काय लोणचं घालायचंय? टाकीपाशी बसेन, कुणाला हात लावू देणार नाही. डबा खाईन गारच.

मॅडम : मग माझ्या टेबलाशी बसा. मीही रोज गारच खाते.