बाहेरून कडी

तपासनीस : आणि ही कडी बाहेरून का बसवलीय?

बाई : बाहेरूनच लावायची होती म्हणून.

तपासनीस : नाही, म्हणजे झोपायच्या खोलीला कडी आतून असते. इथं आतली काढून टाकलीय. भोकं लांबी भरून बुजवलीत, रंग नाही दिलेला.

बाई : सुतार म्हणाला होता, काकू, हे उलटं होतंय. म्हटलं, होऊ दे.

तपासनीस : त्याचं काय आहे, घर घेणाऱ्यांची मुलगी लहान आहे. त्यांनीच मला पाठवलंय, तेव्हा जे दिसेल ते त्यांना सांगायचं हे माझं काम. पोर आत आणि बाहेरून चुकून कडी, असं झालं तर अवघड.

बाई : सांगा की. काढून टाका म्हणावं. चार स्क्रू तर आहेत.

तपासनीस : तुमच्या घरात आहे का कुणी लहान? नातवंडं वगैरे?

बाई : नाही.

तपासनीस : जिन्याच्या पायथ्याशी फाटक आहे म्हणून विचारलं. प्लगांना झाकणं आहेत. मुख्य दाराची कडी तर पार वर, चौकटीला टेकलेली. माझाच हात जेमतेम पोचतो तिथं.

बाई : मी स्टुलावर चढायचे.

तपासनीस : आणि गॅसच्या शेगडीला बटणं नाहीत.

बाई : ती माझ्या पर्समध्ये असतात. ही घ्या. ही दोन मोठ्या बर्नरची, ही लहान बर्नरची. एकदा भाजीवालीला पैसे म्हणून यातलंच एक दिलं. ती म्हणाली, आजी, हे कुठल्या राजाचं?

तपासनीस : बरं. काकू, तेवढा बाथरूममधला गीझर चालू करू का? पाणी तापायला वेळ लागतो, तोवर माझं इथलं उरकेल.

बाई : करा. बटण बाथरूमच्या बाहेर आहे. त्यावर चिकटपट्टी लावलीय, ती काढा.

तपासनीस : वापरत नाही का तुम्ही?

बाई : मी गार पाण्यानं करते. होते सवय.

तपासनीस : केला चालू. दिवा लागला. आता ही खोली. खिडकीला गज आहेत, ठीक. दाराच्या वरच्या बिजागरीचा एक स्क्रू नाही. आणि दाराला आतून... काकू, हे ओरखडे कसले?

बाई : चमच्याचे.

तपासनीस : चमच्याचे?

बाई : तुम्हाला वाटलं नखांचे. कुत्र्याचे वाटले असतील.

तपासनीस : विचारायला बरं वाटत नाही. पण इतक्या घरांतून हिंडतो मी, बाहेरून कडी आणि आतून असं दार कुठं बघितलं नव्हतं. इथं कुणाला कोंडून ठेवलं होतं का?

बाई : हो. माझ्या नवऱ्याला.

तपासनीस : अं?

बाई : बसा तुम्ही. घाबरू नका. डोकं चालेनासं झालं होतं त्यांचं. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं होतं, आम्ही घरात विसरभोळेपणाच म्हणायचो. हे बसच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण पहाट झाली की ड्यूटीवर निघायचे. एकदा हमरस्त्यावर उभ्या ट्रकखाली शिरले, बघायला. ड्रायव्हरनं चाक हलवायच्या आत पाय दिसले म्हणून वाचले. त्यानंतर कड्या आल्या.

तपासनीस : आणि चमचा?

बाई : पाना समजून. बिजागरी खोलत बसायचे आतून. तो एक स्क्रू त्यांनीच काढला. सुताराला जमलं नसतं चमच्यानं.

तपासनीस : या आरशावर वर्तमानपत्र चिकटवलंय, तेही त्यातलंच?

बाई : आरशातला माणूस उपाशी आहे म्हणायचे. त्याला आधी वाढ. दोन ताटं करून मी थकले, मग कागद लावला.

तपासनीस : आता कुठं असतात?

बाई : अशा माणसांना सांभाळतात तिथं. शहराच्या त्या टोकाला. तुम्ही बघा ना तुमचं. भिंतीला ती ओल आहे, ती जुनीच आहे. लपवत नाही मी.

तपासनीस : ओल वरच्या गच्चीच्या नळीची आहे. तेवढं काही नाही. दारात कुणीतरी आलंय तुमच्याकडे.

बाई : ये. उघडंच आहे. ही माझी नणंद. आम्ही धाकटी म्हणतो. धाकटे, हे घर तपासायला आलेत.

नणंद : ते दिसतंय मला. वहिनी, घर विकायला काढलंस हे मला वाण्याकडून कळावं? वाण्याकडून? तो साखर मोजता मोजता म्हणतो, ताई, तुमच्या दादाच्या घराला गिऱ्हाईक आलं म्हणे. मी काय म्हणावं त्याला?

बाई : तू फोन उचलत नव्हतीस.

नणंद : उचलून बोलू काय? दादा जिवंत आहे अजून. चालतोय, जेवतोय. आणि त्याचं घर तू परक्याच्या हातात द्यायला निघालीस, मला एक शब्द न विचारता.

बाई : ते आता इथं येणार नाहीत, धाकटे.

नणंद : कुणामुळे येणार नाही?

तपासनीस : मी जरा बाहेरची वायरिंग बघून येतो.

नणंद : थांबा की साहेब. तुम्ही घर सुरक्षित आहे की नाही ते बघता ना? मग हिला विचारा, गीझर केवढ्यावर ठेवला होता. माझ्या भावाचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले या घरात. वर्षभर कोंडलं ते कोंडलं, आणि शेवटी ते.

बाई : थांबा तुम्ही. तिनं विचारलंय, तर सांगते. त्यांचं सगळं मीच करायचे. भरवायचे, कपडे घालायचे, दाढी. आंघोळ तेवढी त्यांची ते करायचे. त्यात कुणी आलेलं चालायचं नाही. म्हणून मी दार लोटून बाहेर टॉवेल घेऊन उभी राहायचे. त्या दिवशी पण उभी होते. पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ आला, तेव्हा आत गेले. ते टबात उभे होते, गरम नळ सोडून. गार सोडायचा विसरले.

तपासनीस : ओरडले नाहीत?

बाई : नाही. दुखलं की ओरडायचं असतं, तेही विसरले होते. माझ्याकडे बघून हसले. मला म्हणाले, बाई, जरा बाजूला व्हा, गाडी धुतोय.

नणंद : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बाई : काय सांगायचं होतं त्यात?

नणंद : गीझरचं बोल. डॉक्टरनं सांगितलं होतं ना, खाली ठेवा म्हणून? माझ्यासमोर सांगितलं होतं.

बाई : ठेवला होता. एकदम खाली. म्हणजे मला वाटतं, ठेवला होता. ठेवताना हात दिसतो मला माझा. मग वाटतं, तो हात आदल्या महिन्यातला असेल. मध्ये थंडी पडली होती, तेव्हा वर केला असेन आणि परत खाली करायचा राहिला असेल. आता आठवून आठवून ते गुळगुळीत झालंय. काही सांगता येत नाही.

तपासनीस : काकू, त्या दिवसानंतर गीझरला कुणी हात लावलाय?

बाई : नाही. मी फक्त बाहेरचं बटण बंद केलं. पट्टी लावली.

तपासनीस : दुरुस्तीला कुणी आलं होतं? साफसफाईला?

बाई : कुणीच नाही. मी बाथरूममध्ये वर मान करून बघतसुद्धा नाही.

तपासनीस : मग गीझरवरचं तापमानाचं बटण आज जिथं आहे, तिथंच त्या दिवशी होतं.

नणंद : म्हणजे?

तपासनीस : म्हणजे बघता येईल. तुम्हाला चालणार असेल तर. नाहीतर मी एकटा बघून येतो, मला पाणी तपासायचंच आहे.

बाई : चला.

तपासनीस : या. जपून, फरशी गुळगुळीत आहे. हे बघा, इथं खालच्या बाजूला फिरवायचं बटण. मी हात लावत नाही. ताई, तुम्ही वाचा. खूण कुठं आहे?

नणंद : अगदी... खाली. शेवटची रेघ आहे, तिच्यावर.

तपासनीस : यावर पाणी नुसतं कोमट व्हायला हवं. तेवढं झालं की गीझर आपोआप बंद होतो, दिवा जातो. आपण लावून बराच वेळ झाला. दिवा अजून आहे. आता नळ सोडून थर्मामीटर धरतो, हात घालू नका कुणी.

(नळाचा आवाज. खिडकीच्या काचेवर वाफ धरते.)

तपासनीस : सत्तर अंशांच्या वर गेलंय. अजून चढतंय. बंद करतो.

नणंद : पण खूण तर खाली आहे.

तपासनीस : खुणेचा उपयोग नाही. आत एक भाग असतो, पाणी तापलं की वीज तोडतो. तो चिकटलाय. बटण वर ठेवा, खाली ठेवा, हे पाणी उकळायलाच निघणार. मी त्या दिवशी इथं नव्हतो, काकू, तेव्हा शपथेवर नाही सांगू शकत. पण तुम्ही तो खाली ठेवला होतात. आणि ठेवून काही उपयोग नव्हता.

बाई : दिवा जात नव्हता.

तपासनीस : काय म्हणालात?

बाई : त्या आठवड्यात दिवा जातच नव्हता. मला वाटलं, हवा गार आहे, वेळ लागत असेल.

तपासनीस : ते कुणाच्याच लक्षात येत नाही. माझ्याही घरी आलं नसतं.

बाई : असेल.

नणंद : वहिनी, मी त्या दिवशी आले होते इथं. तू दादाबरोबर गाडीत गेलीस आणि मी घर बंद करायला मागे राहिले. बाथरूममध्येही आले. पाणी पुसलं. एकदा मान वर केली असती तर दिसलं असतं. पण तूच वर ठेवला असणार, हे माझ्या मनात ठरून गेलं होतं.

बाई : मीही बघितलं नाही.

नणंद : तू का नाही बघितलंस? तुला तर बघायला हवं होतं.

बाई : बघितलं असतं आणि खूण वर असती, मग?

नणंद : मी तुला काय काय बोलले गं. दवाखान्यात, सगळ्यांच्या देखत.

बाई : बोललीस. मला तेव्हाही काही लागलं नाही. तू बोलत होतीस आणि मी तुझ्या ब्लाउजचं निघालेलं हूक बघत होते. साहेब, आता काय करायचं?

तपासनीस : नवा गीझर बसवावा लागेल. हा दुरुस्त करू नका. नळालाही आता गरम-गार आपोआप मिसळणारी तोटी मिळते, ती त्यांना सुचवतो मी, लहान मूल आहे म्हणून.

बाई : ते नाही विचारलं. मला आता काहीतरी वाटायला हवं ना? हलकं वगैरे. इतके महिने मी हेच धरून बसले होते. आता ते नाही म्हणताय तुम्ही. पण मला काही वाटत नाहीये. झोप येते, भूक लागते, मालिका बघते. वाटत काही नाही. हे घर विकतेय ना, त्याचंही नाही.

तपासनीस : मला नाही सांगता येणार, काकू.

बाई : नाही, तुमचं ते कामच नाही. बाकी काही बघायचंय?

तपासनीस : झालं माझं. गीझरचं बाहेरचं बटण बंद केलंय, वायरही सोडवून ठेवतो. कडी काढून टाका, एवढंच सांगतो त्यांना. कारण सांगायची गरज नाही.

बाई : सांगितलंत तरी चालेल. आणि ही शेगडीची बटणं लावून जा तेवढी, माझ्या हातून घट्ट बसत नाहीत.

तपासनीस : बसवली. येतो मी. ताई, येतो.

नणंद : हो. सावकाश जा.

बाई : गेले. माणूस बरा होता. इन्स्पेक्टर येणार म्हणाले फोनवर, तर मी पोलीसच समजले होते. चहा ठेवू?

नणंद : मी ठेवते. तू बस. वहिनी, माझ्याकडे बघ ना जरा.

बाई : बघतेय.

नणंद : तू त्याला भेटायला का येत नाहीस? मी दर रविवारी जाते. तिथले लोक विचारतात, यांची बायको आहे ना? मी म्हणते, आहे. पुढं काही बोलत नाही. मनात म्हणायचे, कुठल्या तोंडानं येईल.

बाई : बरोबरच म्हणायचीस.

नणंद : असं नको ना बोलू.

बाई : ते विचारतात का माझं?

नणंद : खोटं सांगू?

बाई : नको.

नणंद : नाही विचारत. माझंही विचारत नाही. मला डेपोतली साफसफाईची बाई समजतो. फडकं मागतो माझ्याकडे.

बाई : पाय कसे आहेत?

नणंद : भरून आलेत. कातडी नवी आहे, गुलाबी, लहान मुलासारखी. डॉक्टर म्हणाले, मोजे घालत जा, घासलं जायला नको. पण तो मोजेच घालू देत नाही. पाय झाडतो, फेकून देतो. दोघी दोघी धरतात त्याला. मागच्या रविवारी एका नर्सला लाथ बसली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

बाई : कुठला आधी घालतात?

नणंद : कुठला म्हणजे?

बाई : मोजा. कुठल्या पायाचा आधी?

नणंद : कुणास ठाऊक. जो हाताला लागेल तो. का?

बाई : डावा आधी घालायचा. खाली बसून, पाय आपल्या मांडीवर घेऊन. तो झाला की थोडं थांबायचं, मग उजवा ते स्वतःच पुढं करतात.

नणंद : हे मला माहीतच नव्हतं.

बाई : तिथं कुणी सांगितलंय का त्यांना?

नणंद : कोण सांगणार?

बाई : मग सांगायला हवं गं.