एका टेबलावर एकच वाटी

—नाही, खोकी उतरवू नका, असू देत गाडीतच, पण गाडी काढायची नाही. किल्ली द्या इकडे. द्या ना मुद्दण्णा, मी काय पळवून नेणार आहे का तुमची गाडी, मला साधी स्कूटी धड चालवता येत नाही. पास? पास आहे माझ्याकडे, सही पण झालीये, माझीच सही आहे, तीच तर भानगड आहे. पाच मिनिटं बसा. माहीत आहे मला, चारच्या आत नेलमंगलाचा टोल ओलांडायचाय, दर खेपेला तेच ऐकवता. आणि श्रीकंठ सर तीनला कारखान्यावर येतील, आत्ता सव्वादोन झालेत. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय, इथे बसा. डब्यात चित्रान्न आहे, तुम्हीच खा.

या खोक्यांत काय असतं, माहीत आहे तुम्हाला? दोन वर्षं नेताय. ‘इलेक्ट्रिकचं सामान’, बरोबर, पावतीवर तेच लिहिलेलं असतं. दिवस भरायच्या आधी झालेली बाळं असतात ना, किलोची, सव्वा किलोची—त्यांच्या अंगात ऊब राहत नाही, त्यांना यंत्राखाली ठेवतात. खाली गादी, वर तापणारी नळी, लाल होते ती. बाळाच्या पोटावर शर्टाच्या बटणाएवढी घुंडी चिकटवतात. त्या घुंडीवरून आमच्या बोर्डाला कळतं बाळ किती गरम आहे, आणि बोर्ड ठरवतो नळी पेटती ठेवायची की विझवायची. बस, एवढंच काम त्याचं. तुमच्या गाडीत आत्ता तसे चोवीस बोर्ड आहेत, एकेका यंत्रात बसवलेले. प्रत्येकाच्या कागदावर ‘स्वच्छ केला, तपासला’ आणि खाली माझी सही, सिंधुश्री, गोल गोल अक्षरात. मला आवडायची ती सही करायला. कुणाला सांगू नका, पण आवडायची.

तुम्ही या खोलीत पूर्वी कधी आला होतात का, मी यायच्या आधी? दारातूनच परत जायचात, वास सहन व्हायचा नाही, गंगम्मक्का सांगते. सोल्डर करताना फ्लक्स लावावं लागतं, राळेसारखं असतं, त्याच्याशिवाय जोड धरत नाही. जोड झाला की मागे पिवळट चिकट थर राहतो. तो काढायला स्पिरिट. तर इथे बोर्ड जोडणाऱ्या या बायका काय करायच्या—धूळ येते म्हणून खिडक्या बंद, परातीत बोर्ड धरून वर पाच लिटरच्या कॅनमधून स्पिरिट धाडकन ओतायचं, उघड्या हातांनी ब्रश मारायचा, आणि शेजारी, हातभर अंतरावर, सोल्डरिंग गन तापलेली. एक ठिणगी, अण्णा. मी नवीनच लागले होते. मार्चमध्ये गंगम्मक्का खुर्चीवरून घसरली, डोळे पांढरे, तिला बाहेर नळाखाली नेऊन बसवलं. आणि सर म्हणाले, उपास असेल. उपास! मी भांडले त्यांच्याशी, सगळ्यांसमोर भांडले. मी म्हटलं, तुमच्या घरातली कुणी बसेल का इथे? तेव्हा कुठे पंखा आला बाहेर हवा फेकणारा, हातमोजे आले, खिडक्या उघडल्या. ती पाटी बघा ना भिंतीवरची, गेल्या महिन्यात लावली, माझ्या हातची आहे, रात्रभर—जाऊ दे. वाचा ना. ‘एका टेबलावर एकच वाटी. वाटी सकाळी एकदाच भरायची. ओतायचं नाही, ब्रश बुडवून पुसायचं.’ स्पिरिट जितकं कमी उघडं, तितका धोका कमी. बरोबर आहे की नाही? बरोबरच आहे. त्या दिवसापासून एकीचंही डोकं दुखलं नाही. मला वाटलं, मी काहीतरी केलं. चोवीस वर्षांची मी, आणि सात बायका सुखरूप घरी जातात माझ्यामुळे, असं वाटायचं मला बसमध्ये.

आता ही वाटी बघा. घ्या, वास घ्या, काही होत नाही. सकाळी पाण्यासारखी असते. आता? कोऱ्या चहासारखी झालीये ना. हा रंग कुठून आला? पहिल्या बोर्डाचा मळ वाटीत, वाटीतून दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. संध्याकाळपर्यंत आम्ही बोर्ड पुसत नसतो, फ्लक्स सारवत असतो. पातळ करून, जिथे कधी नव्हतं तिथे, भागांच्या खाली, फटींमध्ये. वरून चकचकीत दिसतं. आणि गंमत—गंमत कसली—हे आमचं फ्लक्स असं आहे की ते पुसायचीच गरज नव्हती. डब्यावर छापलंय तसं. हात न लावता ठेवलं तर ते आतलं आम्ल स्वतःच कोंडून धरतं, खपलीसारखं. पण तपासायला येणाऱ्या साहेबांना चकचकीत बोर्ड लागतात, पिवळं दिसलं की नाक मुरडतात, म्हणून इथे पहिल्यापासून पुसायचीच रीत. आणि पुसायचं तर मग पुरतं धुवायला हवं, बोर्ड तिरका धरून, वरून ताजं स्पिरिट सोडून, मळ खाली कपड्यावर वाहून जाईपर्यंत, मग पुन्हा ताजं, मग वाळवणं. त्या परातीवाल्या बायका तेच करत होत्या, अण्णा. नुसतं ओतत होत्या. घाणेरड्या पद्धतीनं, जीव धोक्यात घालून, पण बोर्ड स्वच्छ करत होत्या. मी खपली अर्धी काढायला लावली आणि आतलं सगळं पसरवलं.

मला सांगितलं नाही असं नाही हो. गंगम्मक्कानं सांगितलं, पहिल्याच आठवड्यात. म्हणाली, ‘मेडम, आम्ही भांडी घासतो तरी शेवटी चांगलं पाणी ओततो. इथे खरकट्या पाण्यातच विसळतोय.’ ब्रश चिकटतो म्हणाली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, अक्का, स्पिरिट म्हणजे पाणी नाही, ते उडून जातं, मागे काही राहत नाही. स्पिरिट उडून जातं, खरं आहे. त्यात विरघळलेलं कुठे जातं, हे मला कुणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं. ती म्हणाली, ‘कॉलेजात शिकवलं असेल तर असेल बाई,’ आणि सगळ्या हसल्या. मला राग आला. अजून आठवलं की कान तापतात. तिला खोटं पाडायचं म्हणून शेवटी गेल्या शुक्रवारी मी एक बोर्ड बाजूला ठेवला. तिला खोटं पाडायचं म्हणून, समजतंय का तुम्हाला? बाळांसाठी नाही. प्लास्टिकचा डबा घेतला, तळाशी ओला कपडा, आत बोर्ड, वीज चालू, घुंडी डब्याच्या बाहेर लोंबती ठेवली. पावसाळ्यात दवाखान्यात किती ओल असते, तेवढी तरी ओल मिळावी त्याला, म्हणून. आणि चार दिवस विसरून गेले.

आज सकाळी बघितलं. घुंडी खिडकीशी लोंबतेय, हवेत, काल पाऊस होऊन गेलेला, मी स्वेटर घातलाय—आणि बोर्डावर आकडा काय? साडेछत्तीस. धडधाकट बाळाचं तापमान. मी घुंडी हातात घेतली, थंडगार. टेबलावर टाकली, स्टीलच्या टेबलावर. साडेछत्तीस, जरा हलला आकडा, पुन्हा तिथेच. डबा उघडला, भिंग लावलं, तर बोर्डावर, घुंडीच्या तारांच्या दोन जोडांच्या मध्ये हिरवट केस उगवलेले, शेवाळासारखे, एका जोडाकडून दुसऱ्याकडे. त्यांच्यातून वीज गळतेय, म्हणून बोर्डाला वाटतंय बाळ गरम आहे. मग तो काय करणार? नळी विझवणार. आणि बाळ गार पडत गेलं तरी नळी पेटणार नाही, कारण त्याच्या हिशेबी सगळं ठीक. भोंगा? भोंगाही त्याच घुंडीचं ऐकतो हो. तो पण गप्प. एवढं बाळ रडू तरी किती शकणार, त्याला काकडायलासुद्धा येत नाही त्या वयात. मी वाचलंय.

तेव्हापासून मी इथे बसलेय. सरांना फोन केला नाही. भीती वाटते. त्यांची नाही—हो, त्यांचीही, ते म्हणतील ओलं कापड घालून तू तमाशा केलास, एका बोर्डावरून काय ठरतं, माल जाऊ दे. आणि मी मान डोलवीन, हेच भय आहे. मार्चमध्ये भांडताना मी बरोबर होते, आता चूक माझी आहे, चूक असताना माझा आवाज फुटत नाही, आज कळलं. म्हणून किल्ली घेतली तुमची. या वेळचा माल तरी—

काय? मी ‘या वेळचा’ म्हटलं? …हो. म्हटलं.

असं बघू नका, मुद्दण्णा. हो, मागच्या महिन्याचा लॉटही याच वाटीतला. अठरा पेट्या. तुम्हीच नेल्यात. ओरडू नका, बाहेर बायका आहेत. मला माहीत असतं तर पाठवल्या असत्या का मी? नव्हतं माहीत. सही केली तेव्हा खरंच नव्हतं माहीत. तुम्ही बसा आधी. बसा ना. मला तुमच्याकडून तेच हवंय, खरं म्हणजे त्यासाठीच बसवलं तुम्हाला, गाडी नुसती अडवायची असती तर पास फाडला असता. कुठे कुठे उतरवल्या, ते कागद सरांच्या कपाटात आहेत आणि कपाटाची चावी त्यांच्या कमरेला. पण तुम्ही शिक्का मारलेली पोच जपून ठेवता, आरशावरच्या त्या पट्टीत खोचून, मी बघितलंय. शिक्क्यावर दवाखान्याचा फोन असतो. आणा ना. तुमचं नाव येणार नाही कशात. मी शपथ घेते—बरं, नाही घेत शपथ, तुम्ही फक्त आणा.

…एवढ्याच? चौदा, पंधरा… अठरा. चळ्ळकेरे, हिरियूर, मोळकाल्मुरु—हा शिक्का पुसट झालाय, हे काय आहे, शून्य की आठ? तुम्हाला आठवतं का ठिकाण? पिवळ्या रंगाचा दवाखाना, वडाचं झाड, बरं. तिथे परत कशाला गेला होतात? रिकामे खोके आणायला, गेल्या गुरुवारी. मग? कोण, नर्स? काय म्हणाली ती? नाही, तसं नाही, तिच्या शब्दांत सांगा. सावकाश.

‘हे नवं यंत्र किती गुणी आहे. जुनं सारखं पेटायचं. हे बाळाला ठेवलं की थोड्या वेळात शांत होतं, नळी बंदच असते बहुतेक. आमची विजेची बचत.’

असं म्हणाली. हसून म्हणाली. तुम्हाला चहा दिला.

बाळ होतं का आत, तेव्हा? तुम्ही बघितलं? काचेतून. टोपी होती डोक्यावर. कसली टोपी, लोकरीची? हलत होतं का? आठवा ना अण्णा, हलत होतं का. झोपलेलं. बरं. झोपलेलं असू शकतं. गुरुवारी. आज मंगळवार.

आठ आहे हा, शून्य नाही. आठच असणार, फोनच्या सुरुवातीचा जिल्ह्याचा आकडा बघा या दुसऱ्या शिक्क्यावर, तोच आहे. थांबा, लावते. काय बोलायचं—यंत्र बंद करा, बाळाला आईच्या छातीशी लावा, उघड्या अंगाला, वरून पांघरूण, दुसरं यंत्र मिळेपर्यंत. कोण बोलतंय विचारलं तर? नाव सांगायचं. कारखान्याचं, आणि माझं. सांगायलाच हवं, नाहीतर कोण ऐकेल असल्या फोनचं.

सरांची गाडी वाजली का? वाजू दे.

रिंग जातेय. तुम्ही बाहेर थांबा, अण्णा. दार ओढून घ्या. तुम्ही समोर असलात तर मला बोलता येणार नाही. जा ना—हॅलो?