पक्षी हाकलणारी मॅडम

परदेशात पर्यावरण शिकून आले तेव्हा मला वाटलं होतं, पक्षी बघायचेत म्हटलं की कंपनीवाले चहा पाजून आत नेतील. आवारात तळं असलेल्या चाकणच्या एका मोटार कंपनीच्या गेटवर मात्र सिक्युरिटीच्या काळेकाकांनी मला पेन आडवं धरूनच थांबवलं.

"ताई, गेटपासवर कारण लिवावं लागतंय. इंटरव्ह्यू, ऑडिट न्हाईतर व्हेंडर. पक्षी बघणं कशातच बसत न्हाई."

मी त्यांना पाणथळ जागांचं महत्त्व समजावलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"एक करू. तळ्यावरची पाखरं हाकलायला व्हेंडर बोलावलाय साहेबांनी. त्यात बसवू का तुमाला?"

"पण काका, हे खोटं आहे."

"मग घरी जावा."

मी सही केली, हेल्मेट घातलं आणि आत गेले. तळ्यात लांब लाल पायांचे शेकाटे निवांत चरत होते. दुर्बीण लावते न लावते तोच मागून साहेब आले.

"मॅडम, नव्या गाड्यांवर घाण करतात हो हे. एक जण फटाके लावून उडवतो म्हणालाय. तुमचं कोटेशन उद्या दहापर्यंत द्या, नाहीतर काम त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच मी कोटेशन पाठवलं. दर त्या फटाकेवाल्याला परवडणार नाही इतका कमी. अट एकच घातली: आधी पक्ष्यांच्या सवयींचा दोन वर्षं अभ्यास होईल आणि तोवर तळ्याकाठी कोणी टाळीसुद्धा वाजवायची नाही.