काळ्यासाठी पिवळं

प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांनी प्रिंटर पोटाशी धरला होता. दुकानदारानं झाकण उघडून पाहिलं.

“आजी, पिवळी शाई संपलीय. ती घातल्याशिवाय हा काळंही छापणार नाही.”

“अरे, काळ्या अक्षरांना पिवळं कशाला? मीठ संपलं म्हणून नळ बंद पडतो का?”

“कंपनीनंच तसं केलंय. शिवाय चारही रंग एकदम घ्यावे लागतात.”

“तेवढ्या पैशांत दुसरा प्रिंटर येईल!”

“कंपनीला फोन करून बघा.”

“केला की. तासभर गाणी ऐकवली आणि मग विचारलं, प्रिंटर चालू केलाय का?”

“ही म्हणाली, नाही, अंगाई गाऊन झोपवलाय,” आजोबा मध्येच म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो! हल्ली हे विसरतात रे. काल साबणाची पावडर घालून चहा केला. म्हणून डब्यांवर, दारांवर मोठ्या अक्षरांत नावं लावायचीत.”

“मग हातानंच लिहा ना, आजी.”

“माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. यांना वाचता यायला नको?”

“तूच लिही गं. छापलेलं अक्षर कुणाचंही असतं. तुझं दिसलं, तर घर आपलंच आहे एवढं तरी कळेल मला.”

“...जाड पेन आहे का रे तुझ्याकडे?”